शंभरात पस्तीस

पहाटे दोनला मुंबईहून निघालेली शिशाची डबी
कसाऱ्याचा घाट चढते,
इगतपुरी, घोटी, विल्होळी मागे टाकते,
दर एकशेदहा मिनिटांनी अर्धी होत.
पाथर्डी फाट्याला अश्फाकचा फोन येतो तेव्हा
रुपयातले चार आणे उरलेले असतात.

पहिले पेशंट निवृत्ती गायधनी, वय अडुसष्ट,
नाशिकरोडच्या नोट छापखान्यात
एकतीस वर्षं तपासणीच्या टेबलावर.
साखर एकशेचार. डावा खांदा आखडलेला.
सुई काढताना मी सांगते,
आता तासभर बोलायचं नाही,
बोलता गळा साखर ओढतो, चित्रात पेटून उठतो.
ते मान डोलावतात.
नंतर मॉनिटरवर दिसतं, ओठ हलतायत.
जप असेल, म्हणून मी दुसऱ्या कामाला लागते.

यंत्राचं म्हणणं तसं साधं:
आत कुठेतरी एक कण आपल्याच उलट्या कणाला भेटतो,
दोघंही संपतात,
आणि प्रकाशाचे दोन तुकडे पाठीला पाठ लावून सुटतात.
कड्याच्या समोरासमोरच्या दारांवर एकाच क्षणी थाप.
मध्ये रेघ मारायची.
घडलं ते या रेघेवर.

पण सगळेच सरळ चालत नाहीत.
एखादा वाटेत अडखळतो,
थोडं बळ सांडतो, वळतो,
भलत्याच दारावर थाप देतो.
रेघ तरीही मारली जाते,
जिथे काहीच घडलं नाही तिथून.
फार दमलेले मी उंबऱ्यावरूनच परत पाठवते.
काही मात्र दमल्याचं दाखवतच नाहीत.

त्यांच्यासाठी शरीराबाहेर बघायचं.
जिथे नुसती हवा, तिथली प्रत्येक नोंद खोटी.
त्या खोट्याची उंची मोजायची
आणि त्याच मापाने आतलं उणं करायचं.

आज उणं केलं
तर मानेवर काळा पट्टा,
कोणी ओल्या फडक्याने पाटी पुसावी तसा.

सीटी उघडते. दोन्ही हात डोक्याच्या वर.
पुढच्या चित्रात डावं कोपर कानापाशी.
खांदा दुखला असणार,
हात हळूच खाली घेतला असणार,
आणि बोलायचं नाही म्हटलं होतं मी,
म्हणून बोलले नाहीत.
मी जिला हवा धरलं
तिथे एका माणसाचा हात होता.
त्याचं खरं खोट्यात मोजून
मी गळ्यातलं खरं खोडत गेले.

पुन्हा घेते. हात खाली, अंगाशी, पट्टा बांधून.
मानेचे दोनच टप्पे. दहा मिनिटं.
पट्टा गेला.
आणि गळ्यात तांदळाएवढे दोन ठिपके.

डॉक्टर केतकी विचारतात, बोलत होते का?
मी जाऊन विचारते.
ते ओशाळतात.
"बोललो नाही ताई. मोजत होतो.
शंभराचं एक बंडल, मग दुसरं.
सवय आहे. मनातच चाललं होतं,
थोडं ओठांवर आलं असेल."

म्हणजे ठिपके खरे आहेत,
सरळ चाललेल्या रेघांचे.
आजार नाही, मोजणी आहे.
बहुधा.
हे उणं करायचं सूत्र माझ्याकडे नाही.
डॉक्टर लिहितात, तीन महिन्यांनी पुन्हा.

निघताना ते दारात थांबतात.
"यात खोटं किती निघालं?"
शंभरात पस्तीस, मी सांगते.
"एवढी रद्द आमच्याकडे निघाली असती,
तर भोंगा झाला तरी
अख्खी पाळी आत ठेवली असती."

मग फिल्म पाकिटातून काढून
ट्यूबलाइटसमोर धरतात,
डावा हात जेमतेम वर जातो,
एक डोळा मिटून, जलचिन्ह शोधावं तशी.
मागे पुढचा पेशंट उभा आहे,
औषध दर मिनिटाला उतरतंय,
आणि मला त्यांना
पुरे म्हणवत नाही.